२०२७ : राष्ट्रपतिपदासाठी आपल्या बाजूने कोणाला उभं करायचं?

तलावपाळी | २३ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

टेंभीनाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन आत्ताच घरी आलो. रांगेत पुढेमागे आघाडीची जुनी मंडळी भेटली आणि बोलणं फिरून फिरून ९ तारखेच्या उपराष्ट्रपती निवडणुकीवर येत राहिलं. न्या. सुदर्शन रेड्डी निवडून येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मनाला लागलं ते वेगळंच. मतदान संपल्यावर आपले ३१५ खासदार हजर होते असं सांगितलं गेलं. मोजणीत ३०० निघाले. समोरचे राधाकृष्णन ४५२, आणि १५ मतं बाद.

आता राष्ट्रपतींची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते. म्हणजे हातात बावीस महिने आहेत. २०२२ साली आपण काय केलं ते आठवा. १५ जूनला दिल्लीत बैठक झाली, पवारसाहेबांनी नाही म्हटलं. मग फारूक अब्दुल्ला नाही म्हणाले, मग गोपाळकृष्ण गांधी. २१ जूनला यशवंत सिन्हांचं नाव जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी समोरून द्रौपदी मुर्मूंचं. तो २१ जून आपल्या ठाण्यात कोणी विसरणार नाही. आमदार सुरतेला पोचल्याची बातमी सकाळीच आली होती. दिल्लीत कोण उभं राहतंय हे बघायला इथे कुणाचं मन जाग्यावर होतं?

तीन जणांनी नाकारल्यावर चौथ्याला उभं करायची वेळ पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठी हा धागा. नावं सांगा आणि कारणंही सांगा. माझ्या मनात एक नाव आहे : न्या. अभय ओक. आपल्या ठाण्याचे. १९८३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, या मे महिन्यात निवृत्त झाले. आई गेली, ठाण्याला येऊन अंत्यसंस्कार केले आणि परत दिल्लीला जाऊन शेवटच्या दिवशी अकरा निकाल दिले. असा माणूस राष्ट्रपती भवनात असावा, असं मला मनापासून वाटतं. त्यांना अर्थातच कोणी विचारलेलं नाही.

घणसोली_पंचविशी | २३ सप्टेंबर, रात्री १०.०५

काका, पण आपल्याला मत कुठे आहे? खासदार-आमदार ठरवणार. आपण इथे नावं सुचवून काय होणार?

गणित_मास्तर_वाशी | २३ सप्टेंबर, रात्री १०.५०

मत नाही, पण मत देणारे आपणच निवडतो, त्यामुळे हिशेब तरी माहीत असू दे.

महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या, भागिले २८८ आमदार, भागिले १०००. उत्तर प्रदेशात हेच २०८ येतं, सिक्कीममध्ये ७. महाराष्ट्राचे सगळे आमदार मिळून ५०,४०० होतात. खासदाराचं मूल्य २०२२ ला ७०० होतं. त्याआधी ७०८ असायचं, तेव्हा जम्मू-काश्मीरची विधानसभा नसल्यामुळे कमी झालं. मतदान फक्त निवडून आलेल्यांना. विधान परिषदेच्या आमदारांना आणि राष्ट्रपतिनियुक्त खासदारांना मत नाही.

आता आपल्या राज्यातली स्थिती. २०२४ च्या विधानसभेत उद्धवसाहेबांची सेना २०, काँग्रेस १६, पवारसाहेबांची राष्ट्रवादी १०. बेरीज ४६. गुणिले १७५ म्हणजे ८,०५०. पन्नास हजारांतले आठ हजार! ठाणे जिल्ह्यातल्या १८ जागांपैकी आपल्या बाजूच्या दोनच, मुंब्रा-कळवा आणि भिवंडी पूर्व. खासदार एक, भिवंडीचे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपल्या माणसांनी आपल्याच उमेदवाराला मत दिल्याने काही होणार नाही. समोरच्या गोटातला एखादा घटक पक्ष ज्याच्यासाठी बाजूला होईल, असा उमेदवार हवा. या निवडणुकीत व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं, तेव्हा हे होऊ शकतं. झालेलंही आहे.

ऐरोलीकरीण | २४ सप्टेंबर, सकाळी ७.१५

मास्तर, हे झालंय ते आमच्याच पक्षाने केलंय. सासरे शाखेत बसायचे, त्यामुळे घरात याच गप्पा. १९९७ ला अख्खा देश नारायणन यांच्यामागे असताना शिवसेनेने शेषन यांना पाठिंबा दिला. २००७ ला युती भाजपशी होती, तरी बाळासाहेबांनी प्रतिभाताईंना मतं दिली, मराठी बाई राष्ट्रपती होतेय म्हणून. समोर भैरोसिंह शेखावत होते, युतीतल्या मोठ्या भावाचा माणूस. २०१२ ला पुन्हा तेच, प्रणवदा. आणि २०२२ ला आघाडीत असूनही मुर्मूंना. त्यामुळे मराठी माणूस द्या, आमच्याकडची मतं घट्ट राहतील आणि समोरच्या सेनेतल्यांनाही नाही म्हणणं जड जाईल.

पवारसाहेबांवर माझी श्रद्धा आहे, पण जुलै २०२७ ला ते ८६ वर्षांचे असतील आणि एकदा त्यांनी स्वतःच नको म्हटलंय. सुशीलकुमार शिंदे २००२ ला उपराष्ट्रपतिपदाला उभे होते. शेखावतांना ४५४ आणि त्यांना ३०५. त्यांचंही वय झालं. या पिढीला आता मान द्यावा आणि पुढे बघावं.

ओकसाहेबांच्या नावाला माझं अनुमोदन. गणपती-नवरात्रातल्या आवाजाविरुद्ध त्यांनी उच्च न्यायालयात असताना जे आदेश दिले त्यामुळे माझ्या आजारी आईला दहा दिवस झोप मिळाली होती.

वकील_खारकरआळी | २४ सप्टेंबर, दुपारी १.३०

ओकसाहेबांचं नाव आमच्या बाररूममध्ये निघालं की आवाज आपोआप खाली येतो, इतका आदर आहे. आणि त्याच आदरापोटी मी या सूचनेला विरोध करतो.

१९६७ ला काय झालं ते सांगतो. के. सुब्बा राव सरन्यायाधीश होते. फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसद घटनादुरुस्तीनेही हात लावू शकत नाही. एप्रिलमध्ये राजीनामा देऊन विरोधकांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. मतं भरपूर पडली, ३,६३,९७१. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४. पण किंमत काय मोजली? तेव्हापासून गोलकनाथवर बोलताना कोणीतरी उठून म्हणतोच की हा माणूस दोन महिन्यांत राजकारणात गेला. निकाल बरोबर की चूक यावरची चर्चा बाजूलाच पडते.

याउलट एच. आर. खन्ना. आणीबाणीत १९७६ ला पाचांतले एकटे न्यायाधीश सरकारविरुद्ध उभे राहिले, जगण्याचा हक्क गोठवता येत नाही म्हणाले. सरन्यायाधीशपद डावललं गेलं, राजीनामा दिला. राष्ट्रपतिपदाला उभे राहिले ते १९८२ मध्ये, पाच वर्षांनी. झैलसिंग यांना ७,५४,११३ आणि खन्नांना २,८२,६८५. आपटले, पण त्यांच्या १९७६ च्या निकालाला कोणी बोट लावलं नाही. मधली वर्षं त्या निकालाची राखण करून गेली.

ओकसाहेबांनी सरकारविरुद्ध दिलेला प्रत्येक निकाल आज जनतेची ठेव आहे. २०१७ ला राज्य सरकारने त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला आणि नंतर मागे घेतला. दोन वर्षांत ते आपले उमेदवार झाले तर तोच आरोप पुन्हा वर काढायला मोकळीक मिळेल. आपल्या सोयीसाठी ही ठेव मोडू नये.

तलावपाळी | २४ सप्टेंबर, रात्री ९.००

वकीलसाहेब, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. नाव मागे घेतो.

घणसोली_पंचविशी | २४ सप्टेंबर, रात्री ९.२०

पण मुळात राष्ट्रपती सही करण्यापलीकडे काय करतात? खरंच विचारतोय, मी एमपीएससीचा अभ्यास करतो, पुस्तकात अधिकार लिहिलेत पण वापरलेले दिसत नाहीत.

वकील_खारकरआळी | २४ सप्टेंबर, रात्री १०.१०

वापरलेले आहेत. ऑक्टोबर १९९७ ला मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी फेरविचाराला परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी दुसरं सरकार होतं, बिहारबाबत तेच. म्हणजे पक्ष बघून केलं असं म्हणायची सोय नाही. झैलसिंग यांनी टपाल विधेयकावर सहीच केली नाही, लोकांची पत्रं उघडून वाचायचा अधिकार सरकारला मिळणार होता. कलाम यांनी २००६ ला लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने पुन्हा मंजूर केल्यावर सही केली. आणि दुसऱ्या बाजूला २५ जून १९७५ ची रात्र. फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. एकाच खुर्चीवरची ही सगळी माणसं. कोण बसतं याने फरक पडतो.

रोह्याचा | २५ सप्टेंबर, सकाळी ६.५०

(कळव्यात राहतो, गाव रोहा.)

मराठी उमेदवाराचा विषय निघालाय आणि १९६९ चं नाव कोणीच घेतलं नाही, म्हणून लिहितो. आमचे चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदाला उभे होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जन्म महाडजवळच्या नात्याचा, बालपण रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग नेहरूंचे अर्थमंत्री. १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर गेले, आमच्या आजोबांचं पहिलं मत त्यांना. १९५६ ला मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरलं तेव्हा अर्थमंत्रिपद सोडलं. आजोबा ही गोष्ट सांगताना उभे राहत. बसून सांगितलेली मी ऐकली नाही.

१९६९ ला काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते संजीव रेड्डी. इंदिराबाईंनी सदसद्विवेकाने मतदान करा असं सांगितलं, याचा अर्थ अपक्ष उभे असलेल्या व्ही. व्ही. गिरींना करा असा सगळ्यांनी घेतला. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने चिंतामणरावांना उभं केलं. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि चिंतामणराव १,१२,७६९. कोणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. चिंतामणरावांची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरी १४,६५० ने निघून गेले.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पक्षाचा अधिकृत उमेदवार पक्षातूनच पडू शकतो, तेव्हा मास्तर म्हणतात तशी फाटाफूट आपल्याकडेही होऊ शकते, ९ तारखेला झालीच. दुसरी गोष्ट बोलताना वाईट वाटतं. चिंतामणरावांसारखा माणूस तिसरा आला. नुसता आदर मतपत्रिकेवर उतरत नाही. आज ठाणे महापालिकेच्या स्पर्धा परीक्षा संस्थेला त्यांचं नाव आहे, मुलं तिथे शिकून अधिकारी होतात. माझा पुतण्या तिथे जायचा, त्याला १९६९ माहीतही नव्हतं. ५६ चा राजीनामा मात्र माहीत होता.

गणित_मास्तर_वाशी | २५ सप्टेंबर, दुपारी ३.००

रोहेकर, उत्तम लिहिलंत. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो. नुसतं मोठं नाव नको, मतं ओढणारं नाव हवं. २०२२ ला समोरच्यांनी हेच केलं. मुर्मूंचं नाव आलं आणि झारखंडात काँग्रेससोबत सत्तेत असलेला झारखंड मुक्ती मोर्चा तिकडे गेला, शिवसेना तिकडे गेली. ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७. आपण सिन्हांना उभं केलं, जे वाजपेयींच्या काळात भाजपचे अर्थमंत्री होते. त्यांच्यासाठी समोरून कोण येणार होतं? आपणही तसाच डाव टाकायला हवा. आदिवासी, दलित, महिला, दक्षिणेतला, ईशान्येतला, काय चालेल ते बघून.

शहापूरची_बाई | २५ सप्टेंबर, रात्री ८.४५

मास्तर, तुमच्याशी भांडण नाही, पण "डाव" आणि "काय चालेल ते बघून" हे वाचून लिहायला बसले.

मी ठाकूर समाजाची. शहापूर तालुक्यातल्या आश्रमशाळेत तीस वर्षं शिकवून मागच्या वर्षी निवृत्त झाले. घरातलं मत कायम आघाडीच्या बाजूला, गेल्या वेळी भिवंडीच्या खासदारांसाठी मी स्वतः पाडे फिरले. २५ जुलै २०२२ ला सकाळी मुर्मूबाईंचा शपथविधी होता. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. पाऊस होता. मोठ्या वर्गाच्या मुली छत्र्या धरून टाकीपाशी माझ्या मोबाइलभोवती उभ्या. कातकरी पाड्यावरची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिने विचारलं, "बाई, या आपल्यातल्या?" मी म्हटलं, संथाळ आहेत, ओडिशाच्या. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यातल्याच." दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हात वर केला. धडा कुठला होता तेही मला आठवतंय, पण ते राहू दे.

त्या दिवशी आपल्या बाजूचे लोक त्यांच्याबद्दल जे बोलत होते, की नुसतं दाखवायला बसवलंय, ते मला सहन झालं नाही. आपल्या बाजूच्या कुणालाही आधी हे सुचलं नव्हतं, हे कोणी बोललं नाही. पंचाहत्तर वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि वकीलसाहेब, तुम्ही सह्या आणि विधेयकं सांगितलीत, एक गोष्ट राहिली. राज्यघटनेची पाचवी अनुसूची, आदिवासी भागांच्या कारभाराची. आमच्या तालुक्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. कुठल्या जमाती अनुसूचित, हे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. आमच्यासाठी ती खुर्ची लांबची नाही. भातसा, तानसा, वैतरणा, ही धरणं आमच्याकडे. पाणी मुंबई-ठाण्याला. एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकर. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा पेसा कायदा १९९६ चा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत, कागदावर. त्या अहवालात हे लिहिलं जातं का, आणि वाचून कोणी राज्यपालांना उलट पत्र लिहितं का, हे विचारणारा उमेदवार मला हवा. तो कुठल्या जातीचा, भाषेचा, हे मी नंतर बघेन.

मुर्मूबाई पुन्हा उभ्या राहतील की नाही कोण जाणे, दोनदा निवडून आलेले एकटे राजेंद्रबाबू. पण उभ्या राहिल्याच, तर आपल्या बाजूने त्यांच्याबद्दल एक वावगा शब्द निघाला तरी मी पाड्यावर तोंड दाखवू शकणार नाही.

ऐरोलीकरीण | २५ सप्टेंबर, रात्री ९.१०

बाई, दोनदा वाचलं. मुलींना घेऊन टाकीपाशी उभ्या तुम्ही डोळ्यांपुढे आलात.

गणित_मास्तर_वाशी | २६ सप्टेंबर, सकाळी ७.३०

बाई, "डाव" हा शब्द चुकला. माफ करा. आकड्यांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. हरण्यासाठी उभं राहणं मला पटत नाही.

रोह्याचा | २६ सप्टेंबर, दुपारी २.१५

मास्तर, २००२ आठवतंय? कलाम यांच्यासमोर कोणी उभं राहायला तयार नव्हतं. डाव्यांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं. आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीच्या प्रमुख, नंतर कानपुरात गरिबांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर, तेव्हा वय ८७. मतं मिळाली १,०७,३६६, कलाम यांना ९,२२,८८४. हरणार हे पहिल्या दिवसापासून माहीत. तरी माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि तिने पहिल्यांदा विचारलं, आझाद हिंद सेनेत बायका होत्या? असं हरणं मला चालेल. २०२२ सारखं, कोणी तयार नाही म्हणून उरलेला उमेदवार देऊन हरणं चालणार नाही.

वकील_खारकरआळी | २६ सप्टेंबर, रात्री ८.००

बाई, पाचवी अनुसूची माझ्याकडून सुटली. वकिलाने विसरू नये अशी गोष्ट.

उमेदवारीला ५० मतदार सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, १५,००० रुपये अनामत. शंभर सह्या आपल्या बाजूला आहेतच. सवाल वेळेचा आणि इच्छेचा आहे. आपण नाव सुचवण्यापेक्षा अट सुचवावी असं आता मला वाटतं. नाव वरचे नेते ठरवणार, पण अट खालून जाऊ शकते.

तलावपाळी | २७ सप्टेंबर, रात्री १०.३०

कालपासून हेच डोक्यात आहे. पत्र लिहू या. आपल्या हातात खासदार एकच, भिवंडीचे, आणि शहापूर त्यांच्याच मतदारसंघात. मजकूर असा करतोय : २०२७ चा उमेदवार २०२६ च्या दिवाळीपर्यंत ठरवावा, म्हणजे त्या माणसाला देशभर फिरून लोकांशी बोलायला निदान सहा महिने मिळतील. घटक पक्षांपैकी कोणाला नाव मान्य नसेल त्याने तेव्हाच सांगावं, मोजणीच्या दिवशी नको. नुकत्याच निवृत्त झालेल्या न्यायाधीशाला गळ घालू नये. उमेदवाराने अनुसूचित क्षेत्रांच्या अहवालाबद्दल काय करणार हे जाहीर सांगावं. समोरच्या उमेदवाराच्या जन्माबद्दल, समाजाबद्दल आपल्या बाजूचा कोणीही बोलणार नाही.

मास्तर, मतं कशी जोडायची यावर एक परिच्छेद तुम्ही लिहा. तुमचं म्हणणं वगळून पत्र द्यायचं नाही.

गणित_मास्तर_वाशी | २८ सप्टेंबर, सकाळी ६.४०

लिहितो. राज्यवार तक्ता जोडतो, एका पानात बसेल.

घणसोली_पंचविशी | २८ सप्टेंबर, सकाळी ११.००

टायपिंग मी करतो. दसऱ्यानंतरच्या शनिवारी, ४ तारखेला भिवंडीला जाऊ या का?

शहापूरची_बाई | २८ सप्टेंबर, रात्री ९.२०

४ तारीख चालेल, मी शहापूरहून एसटीने परस्पर भिवंडीला येते. एक करा, एक प्रत मोठ्या अक्षरात काढून मला आधी पाठवा. आमच्या पाड्यावरच्या बायकांना वाचून दाखवणार आहे, मगच त्यांची नावं घालू. खाली जागा भरपूर ठेवा, चाळीसेक जणी तरी होतील. आणि अंगठ्यासाठी चौकोन काढू नका. सगळ्या सही करतात.